वर शेकरू, खाली कारवी

आवाज वरून येतोय. कर्कश खडखड, थांबून थांबून. फांद्यांच्या गर्दीत नीट पाहा. तांबूस पाठ, पिवळट पोट आणि अंगाएवढी लांब शेपटी. हे शेकरू, महाराष्ट्राचा राज्यप्राणी. त्याच्यासाठीच १९८५ साली भीमाशंकरचं अभयारण्य झालं.

त्याच्या खाली, अख्खा उतार व्यापून उभी आहे ती कारवी. तिच्याकडे लोक वळतात ते फक्त फुलली की.

शेकरूनं पानांसकट डहाळी कुरतडली, तोंडात धरली आणि निघालं. घरट्याची जागा बारीक फांद्यांच्या टोकाशी, जिथं वजनदार शिकारी पोचणार नाही. आधी आडव्यातिडव्या काटक्या, मग पानं, आत मऊ अस्तर. गोल घरटं झालं. पण एकावर भागत नाही. एकेका शेकरूची आपल्या हद्दीत अशी अनेक घरटी असतात. त्यांतल्या एकात मादी पिल्लं वाढवते, बाकीची झोपायला, आसऱ्याला. फांदीला फांदी भिडलेली असली, तर ते जमिनीवर क्वचितच उतरतं.

कारवी जागची हलत नाही आणि घाईही करत नाही. सात वर्षं, काही ठिकाणी आठ, ती नुसती वाढते. पावसाळ्यात हिरवीगार, उन्हाळ्यात नुसत्या काठ्या. मग एका वर्षी पावसाळा सरता सरता सगळा डोंगर एकदम जांभळा. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात हा बहर २००८, २०१६ आणि २०२४ साली आला. मधमाश्यांची चंगळ होते. बहर सरला की झाड मरतं. बोंडं मात्र सुकून तशीच राहतात, पुढच्या पावसापर्यंत. हे एक बोंड जवळून पाहा. थेंब पडला, बोंड भिजलं आणि तडकलं. बी दूर उडालं. पहिल्या सरींत उतारभर असाच तडतडाट चालतो.

शेकरूच्या पाठीशी १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. कारवीला मात्र अजून झाडोरा म्हणून साफ करतात. पावसाचा मार झेलून उताराची माती धरते ती हीच. वाडीतल्या कुडाच्या भिंतीही तिच्याच काठ्यांच्या, वर शेणमातीचा लेप. कुडासाठी पिढ्यान्‌पिढ्या तोडली तरी ती टिकली. जेसीबीनं उतार सोलला की मुळासकट जाते.

सहाव्या वर्षी उपटलेल्या कारवीचं एकही बी मातीत पडलेलं नसतं. अभयारण्याबाहेर रस्ता रुंद करायचा असो की प्लॉट पाडायचे असोत, आधी तिथल्या कारवीचं वय विचारा, आणि बी पडेपर्यंत थांबा.