समुद्रातल्या पिकाचं पाऊसपाणी

नमस्कार श्रोतेहो. कापसावर, मोसंबीवर शेवाळाचा अर्क आपण फवारतोच. (पक्कं बिल घेतल्याशिवाय टॉनिकची बाटली घरी नेऊ नका, हे मी दर वेळी सांगणार.) ते शेवाळ समुद्रात पिकवतात. तामिळनाडूत रामनाथपुरमच्या किनाऱ्याला बांबूचे तराफे, त्यावर दोऱ्या, दोरीला शेवाळाचे तुकडे. साधारण 45 दिवसांत काढणी. आइस्क्रीम घट्ट ठेवणारा पदार्थही त्यातूनच निघतो. नांगरट नाही, पण हवामान सांभाळावं लागतंच. पाणी फार तापलं किंवा पावसानं खारटपणा उतरला, की फांद्या पांढऱ्या पडून गळतात.

आता जपानची गोष्ट. तिकडं भाताभोवती गुंडाळतात ते काळपट पातळ पान म्हणजे नोरी. हिवाळ्यातलं पीक. कोळी उथळ पाण्यात बांबू रोवायचे आणि वाट बघायचे. शेवाळ धरलं तर धरलं. उन्हाळ्यात ते जातं कुठं, कुणालाच ठाऊक नाही! दुसऱ्या महायुद्धानंतर पीक पार बसलं, बी आणायचं कुठून?

उत्तर सापडलं इंग्लंडात. मँचेस्टरच्या कॅथलीन ड्रू-बेकर बाई. लग्न झालं म्हणून विद्यापीठानं त्यांची पगारी नोकरी काढून घेतली. (आपल्याकडं बारावीला पहिली आलेल्या पोरीचं मेमध्ये लग्न उरकतात, ते काय वेगळं?) बाई बिनपगारी काम करत राहिल्या. शिंपल्यांत गुलाबी डाग पाडणारं एक बारीक शेवाळ होतं, सगळे त्याला वेगळीच जात समजत. बाईंनी 1949 मध्ये दाखवून दिलं, की हे नोरीच्याच कुळातल्या शेवाळाचं लहानपण! वसमतचा शेतकरी हळदीचं बेणं राखतो ना, तसं ते शिंपल्यात उन्हाळा काढतं. गारवा आला की बी सोडतं. लक्षात घ्या, उन्हाळा शिंपल्यात, वाढ थंड पाण्यात.

जपानी शास्त्रज्ञांनी तेच धरलं. टाक्यांत शिंपले ठेवून बी धरलं, जाळ्यांना लावलं. नशिबावरचं पीक शेती झालं. बाई 1957 मध्ये वारल्या, जपान कधी पाहिलाच नाही. पण 1963 पासून उतो गावी त्यांचं स्मारक आहे, दरवर्षी 14 एप्रिलला तिथं लोक जमतात.

बाकी थोडक्यात. नोरीला नत्र-स्फुरद लागतं, ते नद्या आणतात. 2022-23 च्या हंगामात जपानच्या आरियाके समुद्राकडं पाऊस कमी झाला, त्यात दुसऱ्या सूक्ष्म शेवाळांनी उरलंसुरलं खत खाऊन टाकलं, नोरी फिकी पडली आणि पीक घटलं. म्हणजे पाऊस जास्त झाला तर खारटपणा जातो, कमी झाला तर खत येत नाही. समुद्रात राहूनही पावसाकडं डोळे लावायचे!