पहिले यान

‘एलिट डेंजरस’ या ऑनलाइन खेळात पडद्यावर दिसणारे चपटे, पाचरीच्या आकाराचे छोटे यान म्हणजे साइडवाइंडर. १६ डिसेंबर २०१४ रोजी प्रसिद्ध झालेल्या या खेळात आपली आकाशगंगा तिच्या खऱ्या आकारात, सुमारे ४०० अब्ज ताराप्रणालींसह उभी केलेली आहे आणि एवढ्या विस्तारात उतरणाऱ्या नवख्या वैमानिकाच्या हाती पहिल्यांदा हेच यान येते. त्यावर दोनच लहान शस्त्रे बसतात आणि मालही जेमतेम काही टन मावतो. साहजिकच बहुतेक जण ते लवकरात लवकर बदलण्याच्या मागे लागतात. ही घाई टाळावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

याचे कारण विम्याच्या नियमात आहे. यान नष्ट झाले, तर ते साधनांसह परत मिळवण्यासाठी एकूण किमतीच्या ५ टक्के रक्कम भरावी लागते; मूळ साइडवाइंडर मात्र कितीही वेळा नष्ट झाले, तरी विनामूल्य परत मिळते. फिरत्या अंतराळस्थानकाच्या अरुंद दारातून आत शिरणे, ठरवून दिलेल्या तळावर मुदतीत उतरणे, स्थानकाच्या परिसरात १०० मीटर प्रति सेकंदापेक्षा अधिक वेगाने कोणाला धडक बसली तर होणारा दंड टाळणे, हे सारे चुका करत करतच अंगवळणी पडते, आणि त्या चुका फुकट करू देणारे दुसरे यान मिळत नाही.

पुढचे यान निवडताना वैमानिकाला करायचे काय आहे, हे आधी ठरलेले असावे. सुमारे ४५ हजार क्रेडिटचे (क्रेडिट हे खेळातले चलन) ईगल चपळ आहे, त्यावर तीन लहान शस्त्रे बसतात आणि लढाईची ओढ असलेल्याला ते मनापासून आवडते. मालवाहतुकीला मात्र ते फारसे उपयोगी नाही. सुमारे ५३ हजारांचे हॉलर दिसायला बेढब आणि लढाईत दुबळे असले, तरी वजनाने हलके असल्यामुळे एका झेपेत बरेच लांब जाते.

झेपेचा हा मुद्दा नवखे वैमानिक हमखास दुर्लक्षित करतात. फ्रेम शिफ्ट ड्राइव्ह या यंत्राच्या बळावर यान एका ताऱ्याकडून दुसऱ्याकडे झेप घेते आणि यानाचे वजन जितके वाढते, तितके झेपेचे अंतर घटते. म्हणून सेन्सर आणि जीवरक्षक प्रणाली ए ते ई या दर्जांपैकी डी दर्जाची घेण्याचा सल्ला अनुभवी वैमानिक देतात, कारण त्या दर्जाची साधने सर्वांत हलकी असतात. फ्रेम शिफ्ट ड्राइव्ह मात्र परवडेल तेवढा उत्तम घ्यावा. त्याच्या जोडीला ताऱ्यातून इंधन खेचणारा फ्युएल स्कूप हवाच. के, जी, बी, एफ, ओ, ए आणि एम या वर्गांतील ताऱ्यांकडूनच इंधन मिळते, ही अक्षरे पाठ असलेली बरी. ती विसरून रिकाम्या टाकीनिशी अंधारात अडकलेल्यांसाठी ‘फ्युएल रॅट्स’ नावाचा खेळाडूंचा गट इंधन घेऊन धावून जातो; कोणताही मोबदला न घेता चालणारे हे काम आम्हाला या खेळातील सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

यानंतर येते कोब्रा मार्क थ्री. १९८४ साली आलेल्या मूळ ‘एलिट’मध्ये खेळाडू याच नावाचे यान उडवीत असे. दोन मध्यम आणि दोन लहान शस्त्रे, चांगला वेग, बऱ्यापैकी माल, शिवाय लहान तळावरही उतरण्याची सोय, असे सर्व कामांना पुरे पडणारे हे यान साडेतीन लाख क्रेडिटच्या आसपास मिळते. फसगत होते ती इथेच. खरेदीच्या वेळी त्यात बसवलेली साधने सर्वांत खालच्या, म्हणजे ई दर्जाची असतात आणि ती वरच्या दर्जाची करण्याचा खर्च यानाच्या मूळ किमतीच्या कितीतरी पट होऊ शकतो. शिल्लक सगळी यानावरच संपवलेल्या वैमानिकाजवळ साधनांना पैसे उरत नाहीत आणि विम्यालाही नाहीत. मग पहिल्याच चकमकीत यान गेले आणि विम्यासाठी कर्जही पुरेसे मिळाले नाही, तर कोब्रा कायमची हातची जाते आणि तो पुन्हा त्याच छोट्या साइडवाइंडरमध्ये बसलेला असतो. यानाची किंमत, साधनांचा खर्च आणि निदान दोन वेळच्या विम्याची रक्कम शिल्लक दिसू लागेल, तोवर कोब्राच्या दालनात केवळ पाहायला जावे.