शिवराक ग्रहावरचा खटला

श्रोतेहो, नमस्कार.

आज एका मालिकेविषयी बोलायचंय. नाव आहे 'द ऑर्व्हिल'. ऑर्व्हिल हे एका अंतराळयानाचं नाव. काळ आजपासून चारशे वर्षांनंतरचा. माणूस ताऱ्यांपर्यंत पोचलाय, पण बदलीची ऑर्डर कुणाला कुठे नेऊन टाकील याचा नेम तेव्हाही नाही. कॅप्टन एड मर्सर, आणि त्याच्या हाताखाली उपकप्तान म्हणून येते ती केली ग्रेसन, त्याची घटस्फोट झालेली बायको. यानावर बॉर्टस नावाचा एक अधिकारी आहे. धिप्पाड, कपाळाला कायम आठ्या, हसणं ठाऊक नाही. तो अंडं घालतो आणि ते उबवायला रजेवर जातो. त्याच्या ग्रहावर सगळे पुरुषच, त्यामुळे बाळंतपणाची रजाही पुरुषानेच घ्यायची.

सेथ मॅकफार्लेन या विनोदी लेखक-नटाने ही मालिका काढली आणि कॅप्टनही तोच झाला. १० सप्टेंबर २०१७ रोजी अमेरिकेत फॉक्स वाहिनीवर पहिला भाग आला. तीन पर्वं झाली, सगळे मिळून ३६ भाग, तिसरं पर्व २०२२ मधलं. समीक्षकांनी सुरुवातीला नाकं मुरडली, प्रेक्षक मात्र चिकटून राहिले. मला तिच्यातली एक गोष्ट पहिल्याच दिवशी आवडली. मागून हसण्याचा आवाज येत नाही. आपल्याकडच्या विनोदी कार्यक्रमांत कॅमेरा सारखा हसणाऱ्या परीक्षकांवर जातो ना, टाळ्या पिटणाऱ्या? अहो, विनोद झाला की नाही ते आम्ही ठरवू की. तुम्ही कशाला आमच्या वतीने हसता? असो.

दुसऱ्या भागाच्या अखेरीस त्या अंड्यातून मुलगी निघते, आणि तिसरा भाग तिच्यावरच आहे. बॉर्टसच्या मोक्लस ग्रहावर मुलगी म्हणजे व्यंग. तान्ह्या बाळावर शस्त्रक्रिया करून तिचा मुलगा करून टाकायचा, हा तिथला रिवाज. बॉर्टसला त्यात काही वावगं वाटत नाही. मग यानावरचे दोन दोस्त त्याला नाताळचा एक जुना बालपट दाखवतात, लाल नाकाच्या रेनडियरचा. ज्याला नाकावरून सगळे चिडवतात तोच अखेर धुक्यात वाट दाखवतो. ते बघून या आडदांड माणसाचं मन पालटतं. कॅप्टनने, डॉक्टरीणबाईंनी इतकं समजावलं ते फुकट गेलं, आणि बालपट लागू पडला!

पण जोडीदार क्लायडन ऐकत नाही. प्रकरण मोक्लसच्या न्यायासनापुढे जातं. क्लायडन स्वतःच मुलगी म्हणून जन्मला होता, हे बाहेर येतं. मोक्लसचा सगळ्यात थोर लेखक म्हणून ज्याचं नाव घेतात, ती डोंगरात लपून राहिलेली एक बाई आहे, हे भर न्यायालयात उघड होतं. तुम्हाला वाटेल, झालं, जिंकले. नाही. हरतात. न्यायाधीश आपल्या रिवाजाला धरून निकाल देतात आणि शस्त्रक्रिया होते. हसवणारी मालिका, आणि खटला हरते. कानावर पुन्हा घालतो: हसवणारी मालिका, आणि खटला हरते. त्या बाळाचं, तोपाचं, पुढे काय झालं ते कळायला बघणाऱ्यांना तिसऱ्या पर्वापर्यंत थांबावं लागलं, म्हणजे जवळजवळ पाच वर्षं.

आता हे आपल्याला नवीन आहे का? आपल्या देवळांत रात्री काल्याचा नाट्यखेळ होतो, त्यातला संकासूर आठवा. काळ्या वेषातला, अघळपघळ बोलणारा. देवाधर्माच्या रात्री, देवळाच्याच मांडावर, गावच्या बोलीत तो कुणाकुणाची फिरकी घेतो! पुढे बसलेला महाजन, म्हणजे देवस्थानचा मानकरी, तोसुद्धा त्याच्या तावडीतून सुटत नाही. तेच वाक्य देवस्थानच्या बैठकीत कुणी उच्चारलं तर इतिवृत्तात नोंद होईल. संकासुराने म्हटलं की महाजन आधी हसतो, आणि मग इकडेतिकडे बघतो की आपण कशाला हसलो. हे 'आधी हसतो आणि मग इकडेतिकडे बघतो' तेवढं लक्षात ठेवा. माझी गोष्ट त्याचीच आहे.

गोष्टीआधी मालिकेचा आणखी एक भाग सांगायला हवा, पहिल्या पर्वातला सातवा. एका ग्रहावर न्यायालयं नाहीत, मतं आहेत. प्रत्येकाच्या छातीवर एक बिल्ला. त्यावर वर दाखवणारा बाण आणि खाली दाखवणारा बाण. कुणी आवडलं, वरचा दाबा. नाही आवडलं, खालचा दाबा. गरोदर बाईला बसायला जागा दिली नाही, एवढ्यावरून तिथे दोघांचं वाटोळं झालेलं असतं. त्यांचा शोध घ्यायला ऑर्व्हिलवरची मंडळी वेष पालटून उतरतात. त्यातला जॉन लामार हा तरुण रस्त्यातल्या एका पुतळ्याला खेटून वाह्यातपणे नाचतो. कुणीतरी ते टिपतं. संध्याकाळपर्यंत ग्रहभर बोंब. आता त्याने वाहिन्यावाहिन्यांवर जाऊन माफी मागत फिरायचं. खालच्या बाणाची मतं एक कोटीवर गेली की डोक्यावर यंत्र लावून माणसाचा मेंदूच सपाट करतात. त्याला ते सुधारणा म्हणतात.

मत म्हटलं की गोंयकाराच्या अंगावर काटा येतो. १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल. फूल म्हणजे गोवा महाराष्ट्रात विलीन, दोन पानं म्हणजे वेगळा. फूल की दोन पानं? आमच्या घरात एका भावाने फुलावर आणि दुसऱ्याने पानांवर शिक्का मारला, आणि चतुर्थीला गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधताना तो विषय अजून निघतो. यापुढे मी बोलत नाही, वेळ थोडा आहे.

तर गोष्ट. फोंडा तालुक्यातलं आमचं गाव. गावाचं नाव सांगत नाही, कारण त्यातले पंच, म्हणजे पंचायतीचे सदस्य, अजून पंच आहेत. जत्रेला आमच्याकडे ऐतिहासिक नाटक होतं आणि त्याआधी एक फार्स. फार्स मुलांच्या ताब्यात. माझ्या भाच्याला या मालिकेचं वेड. त्याने तो सातवा भाग उचलला आणि गोव्यात आणला. कसा? तर एक अंतराळवीर एका अनोळखी ग्रहावर उतरतो. त्या ग्रहाचं नाव शिवराक ग्रह, शिवराक म्हणजे शाकाहारी. तिथे रोजच सोमवार. आणि हा बिचारा आपल्या डब्यातलं सुंगटांचं हुमण, म्हणजे कोळंबीची आमटी, काढून चौकात जेवायला बसतो.

तालमीला मी होतो. हसून हसून पुरेवाट. अंतराळवीराच्या कामाला मुलांनी आमच्या वॉर्डाच्या पंचांना घेतलं, कारण विनोदी कामात त्यांचा हात धरणारा गावात दुसरा नाही. न्यायाधीश माझा भाचा. आणि मतदान? मतदान प्रेक्षकांनी करायचं, मोबाईलच्या टॉर्चने. न्यायाधीश विचारणार, 'या पाप्याला शिक्षा व्हावी असं ज्यांना वाटतं त्यांनी टॉर्च लावा.' मुलांचा हिशेब असा, की पाच-दहा वात्रट पोरं लावतील, न्यायाधीश म्हणणार, 'प्रकाश अपुरा, आरोपी मुक्त', पंचमहाशय एक गाणं म्हणणार आणि पडदा. संहितेत एवढंच लिहिलेलं.

जत्रेची रात्र. फेरीत, म्हणजे जत्रेतल्या दुकानांपुढे, गर्दी तुफान. (खाजें, ही आमची जत्रेतली मिठाई, आता पुठ्ठ्याच्या खोक्यात मिळतं, वर गुळगुळीत छापील चित्र. त्याला वर्तमानपत्राच्या पुडीतल्या खाज्याची चव नाही. आल्याचा वाससुद्धा येत नाही. मी दुकानदाराला तोंडावर सांगितलं, तो म्हणाला, पर्यटक खोकंच मागतात.) फार्स सुरू झाला. पंचांनी डबा उघडला, हुमणाचा वास घेतला, डोळे मिटले, टाळ्या. खटला उभा राहिला. भाच्याने हातोडा आपटला आणि विचारलं, 'शिक्षा व्हावी असं ज्यांना वाटतं त्यांनी टॉर्च लावा.'

श्रोतेहो, सगळा मांडव दिवजांच्या जत्रेसारखा उजळला. पुढच्या रांगेपासून मागच्या चणेवाल्यापर्यंत एकूण एक टॉर्च. माणसं हसत होती, ओरडत होती, 'शिक्षा! शिक्षा!' भाचा रंगमंचावर आ वासून उभा. प्रॉम्प्टर आतून सांगतोय, 'प्रकाश अपुरा, प्रकाश अपुरा', आणि समोर डोळे दिपताहेत.

काय झालं होतं ते आम्हाला हळूहळू उमगलं. आमच्या वॉर्डाचा रस्ता. तुमच्याकडचा रस्ता डोळ्यांपुढे आणा, म्हणजे मला वर्णन करायला नको. लोक अंतराळवीराला मत देतच नव्हते. लोक पंचांना मत देत होते.

पंचसुद्धा कसलेले. त्यांनी ओळखलं. त्यांनी संहिता सोडली आणि हात जोडून पुढे आले. मालिकेत तो लामार माफी मागत फिरतो ना, अगदी तसे. आधी म्हणाले, 'मी परका माणूस, मला तुमचा सोमवार ठाऊक नव्हता.' दोन-चार टॉर्च विझले. मग म्हणाले, 'माझी म्हातारी आई दुसऱ्या ग्रहावर वाट बघतेय.' आणखी विझले. बायकांच्या बाजूने 'सोडा हो त्याला' असंही आलं. तिथे थांबले असते तर सुटले असते. पण दाद मिळाल्यावर नट थांबतो कुठे? त्यांनी छातीवर हात ठेवला आणि म्हणाले, 'आणि पुढच्या महिन्यात तुमच्या ग्रहावर डांबर घालतो.'

डांबर! विझलेले सगळे पेटले. ज्यांनी आधी लावले नव्हते त्यांनीही लावले. एका पोराने दोन्ही हातांत दोन मोबाईल धरले.

एवढ्यात बायकांच्या रांगेतून एक आजी उभी राहिली. ऐंशीच्या पुढची, नऊवारी नेसलेली. तिच्याकडे टॉर्च नव्हता, मोबाईलच नव्हता. तिने थेट न्यायाधीशाला विचारलं, "आनी तीं सुंगटां ताका विकलीं कोणें?"

मांडव गप्प. भाचा म्हणाला, 'आजी, तो... तो ग्रहाबाहेरून डबा घेऊन आलाय.' आजी म्हणाली, डबा आणू दे नाहीतर हंडा आणू दे. सुंगटं कुणी विकली, सोलली कुणी, नारळ कुणी वाटला? सोमवारी दार लोटून कोण काय जेवतं ते मला या गावात बसल्या जागी वासावरून कळतं. सांगू का एकेकाचं?

आणि तिने सांगायला सुरुवात केली! पहिलं नाव घेतलं ते देवस्थानच्या एका महाजनांचं. लोक खो खो हसले, टॉर्च त्यांच्या तोंडावर. महाजनही आधी हसले. मग इकडेतिकडे बघायला लागले. आजीने दुसरं नाव घेतलं, टॉर्च तिकडे. तिसरं, टॉर्च तिकडे. मग आजीची वाट कुणी बघेना. माणसं आपापल्या शेजाऱ्याच्या तोंडावर उजेड मारायला लागली. 'हा खातो!' 'तूच खातोस!' 'तुझ्या फ्रीजमध्ये काय आहे ते मला ठाऊक आहे!' रंगमंचाकडे कुणाचंच लक्ष नाही. आमचे पंच पुढे येऊन पायऱ्यांवर बसले आणि प्रेक्षकांचा फार्स बघायला लागले. प्रॉम्प्टर किंचाळला, 'पडदा! पडदा!' पडदा निम्म्यावर येऊन अडकला. त्याखालून न्यायाधीशाचे फक्त पाय दिसत होते.

ऐतिहासिक नाटक सुरू व्हायला रात्रीचे दोन वाजले. तसं ते दरवर्षीच उशिरा सुरू होतं, त्याचं खापर आजीवर फोडू नये. नाटकं वेळेवर सुरू करा असं मी देवस्थान समितीला लेखी कळवलेलं आहे. आणि रस्ता? रस्त्याला खड्डे आहेत. आता त्याला गावात शिवराक ग्रह म्हणतात. चंद्रावरची विवरं बघायची तर आमच्याकडे या.

मालिकेत काय होतं ते राहिलंच. लामारला सोडवायला ऑर्व्हिलवाले त्या ग्रहावर व्याख्यानं देत नाहीत. यानावरचा आयझॅक नावाचा यंत्रमानव त्यांच्या बातम्यांच्या जाळ्यात लामारविषयी बनावट गोष्टी सोडतो: गुबगुबीत बालपणाचं छायाचित्र, लाडका कुत्रा, सैनिक म्हणून घरी परतणं. लोक विरघळतात आणि आकडा एक कोटीच्या तोंडाशी येऊन थांबतो. म्हणजे नायक सुटतो तो खोटं पेरून. ग्रह आहे तसाच. तिथली एक कॉफीवाली तरुणी तेवढी पुढच्या खटल्याच्या वेळी मत न देता उठून जाते. मला हे प्रामाणिक वाटतं. तिसऱ्या भागात खटला हरले, सातव्यात जिंकले ते लबाडीने. दोन्हीकडे हसवलं, आणि हसता हसता मी माझ्याच फोनकडे बघितलं. सकाळी गावच्या ग्रुपवर कुणाच्या तरी फोटोला मी खालचा अंगठा दिलेला होता.

सगळेच भाग असे नाहीत. पहिल्या पर्वातले काही विनोद पोरकट आहेत, एखादा तर मुलांदेखत बघण्यासारखा नाही. तिसऱ्या पर्वात विनोद आटतो आणि भाग लांबतात, तासाच्या वर जातात. चुलीवर काही ठेवून बसू नका. पहिल्या पर्वातला तिसरा आणि सातवा भाग आधी बघा. तिसरा बघितलात तर मग तिसऱ्या पर्वातला पाचवा, तोपाचं काय झालं ते त्यात आहे. मी सांगणार नाही. आमचे पंच यंदाही फार्समध्ये आहेत, पण मतदान ठेवायचं नाही अशी त्यांची अट आहे.

नमस्कार.