खरसुंडीची घाटी

खरसुंडी, तालुका आटपाडी, जिल्हा सांगली. सिद्धनाथाच्या यात्रेत खिलार जनावरांचा बाजार भरतो, तेच हे गाव.

एका घराच्या सोप्यात पाट मांडलाय. पाटावर जुन्या धोतराची घडी, घडीवर आजोबांच्या बैलाच्या गळ्यातली घाटी, म्हणजे घंटा. समोर नात जलरंग घेऊन बसलीय. सकाळीच आई घाटी चिंचेनं घासायला निघाली, तेव्हा पोरीनं हात धरला. "आई, राहू दे गं. मला अशीच काढायचीय."

आता जवळून बघा. तोंडाच्या कडेला, आतून, समोरासमोर दोन जागा गुळगुळीत झाल्यात. लोलक वर्षानुवर्षं तिथंच आदळला. वरची कडी एका अंगानं पातळ झालीय, चामड्याच्या पट्ट्यानं. घाटी घासली असती, तर हा फरकच दिसला नसता.

घाटी काशाची आहे. तांबं साधारण चार भाग, कथील एक भाग. म्हणून तर आवाज लांबवर जायचा, आणि अंधारातही गाडी कुणाची ते घरच्यांना कळायचं. पण चित्रात नुसता पिवळा चालत नाही, काशात राखाडी झाक असते. ती झाक धरायला पोरीचे तीन कागद वाया गेले. पाऊस लांबलाय, वारं कोरडं आहे, रंगाचा हात दुसऱ्या कडेला पोचेपर्यंत पहिली कड वाळते. म्हणून ती उजाडतानाच बसते. झिजलेल्या त्या दोन जागांवर तिनं रंग लावलाच नाही. तिथं कोरा कागद चमकतो.

अमेरिकेत मंदीच्या काळात, १९३५ ते १९४२, सरकारनं चित्रकारांना हेच काम दिलं होतं. रोजच्या वापरातल्या जुन्या वस्तूंची हुबेहूब जलरंगचित्रं. सुमारे १८,००० चित्रं झाली, आज ती वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय कलादालनात आहेत. जनावरांच्या गळ्यातल्या घंटाही त्यात आहेत. आपल्याकडं ट्रॅक्टर आले आणि घाट्या किलोच्या भावानं मोडीत गेल्या. वाईट वाटतं. निदान उरलेल्या तरी कुणीतरी अशा बसून काढायला हव्यात.

शेवटचा हात सावलीचा. धोतराच्या घडीवर पडलेली, निळसर. कागद वाळतोय.

आई दारातून विचारते, "झालं का गं? बेंदूर तोंडावर आलाय. खोंडाच्या गळ्यात बांधायचीय. घासू आता?"

पोरगी घाटी उचलून आईच्या हातात देते. चिंच सकाळपासून भिजतच आहे.