टॅकलशिवाय सराव: जॉन गॅगलिआर्डी यांची पद्धत

मित्रहो, अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये सर्वाधिक सामने जिंकलेला प्रशिक्षक कुठल्या बड्या विद्यापीठातला नाही. जॉन गॅगलिआर्डी यांच्या 489 विजयांपैकी पहिले 24 मोंटानातल्या कॅरल कॉलेजचे. बाकी सगळे मिनेसोटातल्या सेंट जॉन्सचे, म्हणजे बेनेडिक्टाइन संन्याशांनी उभारलेल्या मुलांच्या कॉलेजचे. तिथं ते 1953 ते 2012 असे 60 मोसम होते. हे कॉलेज तिसऱ्या डिव्हिजनमध्ये, म्हणजे कॉलेज खेळांच्या तिसऱ्या श्रेणीत खेळतं, आणि त्या डिव्हिजनमध्ये खेळाच्या जोरावर शिष्यवृत्ती देता येत नाही. त्यामुळे बुधवारच्या सरावात जायबंदी झालेल्या मुलाच्या जागी शनिवारच्या सामन्यात कुणाला उतरवायचं, हा अशा कॉलेजांचा कायमचा घोर.

गॅगलिआर्डींनी सरावातला टॅकलच काढून टाकला. चेंडू घेऊन पळणाऱ्याला धरून पाडायचं ते फक्त सामन्यात. याची सुरुवात 1943 ची. कोलोरॅडोतल्या ट्रिनिडाडला त्यांच्या शाळेच्या प्रशिक्षकांना लष्कराचं बोलावणं आलं, आणि 16 वर्षांच्या या मुलानं संघ हाती घेतला. सरावात पाणी पिण्यावर बंदी होती, ती त्यानं उठवली. दमवणाऱ्या कवायती थांबवल्या.

सेंट जॉन्समध्ये त्यांचा सराव जास्तीत जास्त 90 मिनिटं. शिट्टी नाही, ढकलायच्या स्लेड, म्हणजे जड घसरगाड्या नाहीत, आणि त्यांना ‘कोच’ म्हणायचं नाही, ‘जॉन’ म्हणायचं. एका ‘व्यायामात’ तर गवतावर उताणं पडून शेजाऱ्याला सांगायचं, काय सुंदर दिवस आहे! मला हे फार आवडतं.

मग मुलं पाडायला शिकतात कशी? चेंडू सुटतो, ब्लॉकर आपापला माणूस अडवतात, बचावपटू चाल ओळखून पूर्ण वेगानं नेमक्या बाजूनं येतो आणि हाताच्या अंतरावर आवरतो. अंगावर अंग पडून ढीग होत नाही, तो उपसण्यात वेळ जात नाही, लगेच तीच चाल पुन्हा. असा वाचलेला सगळा वेळ चाली पुन्हा पुन्हा खेळण्यात जातो. टॅकल हुकतो तो बहुतेकदा पकड कच्ची म्हणून नाही. खेळाडू उशिरा किंवा चुकीच्या कोनातून पोहोचतो म्हणून. नक्कल करणारे फसतात ते इथेच: टॅकल बंद करतात आणि वेगही अर्धा करतात. मग कोन सगळे खोटे शिकले जातात, आणि सामन्यात पळणारा पुढून निसटून जातो.

2003 मध्ये गॅगलिआर्डींनी ग्रॅम्बलिंग स्टेटचे प्रशिक्षक एडी रॉबिन्सन यांचा 408 विजयांचा विक्रम मागे टाकला. त्याच मोसमात अंतिम सामन्यात सलग 55 सामने जिंकलेल्या माउंट युनियन कॉलेजला 24-6 असं हरवून त्यांनी चौथं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. पुढं 2010 मध्ये डार्टमथ कॉलेजनं सरावातला टॅकल बंद केला, आणि 2016 मध्ये आयव्ही लीगनं, म्हणजे डार्टमथसह आठ नामांकित विद्यापीठांच्या गटानं, मोसमातल्या सरावांसाठी तोच नियम सगळ्या संघांना लावला.