पेशींतला खवटपणा आणि जीवनसत्त्वे

श्रोतेहो, नमस्कार.

तेलाची बाटली बरेच दिवस उघडी राहिली की तेलाला उग्र वास येऊ लागतो आणि आपण ते खवट झाले असे म्हणतो. हवेतील ऑक्सिजनमुळे तेलाचा एखादा रेणू बिघडतो, तो शेजारच्या रेणूला बिघडवतो आणि ही साखळी पुढे चालू राहते. आपल्या शरीरातील प्रत्येक पेशीभोवती जे अतिशय पातळ आवरण असते, तेही मुख्यतः स्निग्ध पदार्थांचेच असल्यामुळे खवटपणाची हीच क्रिया तेथेही घडू शकते. तिला आवर घालणाऱ्या जीवनसत्त्वांविषयी, म्हणजेच अँटिऑक्सिडंट जीवनसत्त्वांविषयी, आज बोलायचे आहे.

रेणूतील इलेक्ट्रॉन सहसा जोडीने असतात. ज्या रेणूतील एखादा इलेक्ट्रॉन एकटा पडतो, त्याला मुक्त मूलक, म्हणजे फ्री रॅडिकल, असे म्हणतात. असे बहुतेक रेणू जोडी पुरी करण्यासाठी दुसऱ्या रेणूचा इलेक्ट्रॉन ओढून घेतात. अन्नापासून ऊर्जा मिळवताना पेशींतील मायटोकाँड्रियांमध्ये, म्हणजे पेशीच्या ऊर्जाकेंद्रांमध्ये, काही इलेक्ट्रॉन वाटेतच ऑक्सिजनला चिकटतात आणि मुक्त मूलके तयार होतात. म्हणजे श्वास घेणाऱ्याला ती पूर्णपणे टाळता येत नाहीत. तंबाखूचा धूर आणि सूर्याचे अतिनील किरण त्यांत भर घालतात. मात्र त्यांना सरसकट शत्रू मानण्याची जी पद्धत जाहिरातींनी रूढ केली आहे, ती मला पटत नाही, कारण आपल्या पांढऱ्या पेशी जंतूंना मारण्यासाठी हीच मूलके मुद्दाम निर्माण करतात. शरीराला हवा असतो तो समतोल. तो राखण्याचे पुष्कळसे काम शरीराची स्वतःची विकरे, म्हणजे एन्झाइम्स, करतात. त्यांपैकी अशा मूलकांना निष्प्रभ करणाऱ्या सुपरऑक्साइड डिसम्यूटेज या विकराचे कार्य मॅककॉर्ड आणि फ्रिडोविच या शास्त्रज्ञांनी १९६९ मध्ये दाखवून दिले. जीवनसत्त्वे या व्यवस्थेला हातभार लावतात.

ई जीवनसत्त्वाचा शोध १९२२ मध्ये लागला, तो मात्र खवटपणाच्या संदर्भात नव्हे. ते आहारात नसेल तर उंदरांच्या माद्यांचा गर्भ टिकत नाही असे आढळले होते, आणि म्हणूनच त्याला मिळालेले टोकोफेरॉल हे नावही अपत्यजन्माशी संबंधित ग्रीक शब्दावरून आलेले आहे. हे जीवनसत्त्व स्निग्ध पदार्थांत विरघळत असल्यामुळे पेशीच्या आवरणातच मुक्काम करते आणि बिघडलेल्या रेणूला आपल्याजवळचा हायड्रोजन देऊन साखळी तेथेच तोडते. या व्यवहारात ते स्वतः मूलक बनते खरे, पण त्याचा स्वभाव शांत असतो. ते सहसा शेजाऱ्यांच्या वाटेला जात नाही. त्याला पूर्वस्थितीत आणण्याचे काम क जीवनसत्त्व करते. क पाण्यात विरघळणारे, म्हणजे आवरणाच्या बाहेरचे. तरी दोघांची गाठ आवरणाच्या पृष्ठभागावर पडते. पुढे वापरल्या गेलेल्या क जीवनसत्त्वाला शरीरातीलच ग्लुटाथायोन नावाचा पदार्थ पुन्हा कामास लावतो. इलेक्ट्रॉन असा हातोहात पुढे दिला जातो, त्यामुळे यांतील एकाच घटकाचा साठा अनेक पटींनी वाढवून सगळी व्यवस्था तितक्याच पटींनी बळकट होत नाही.

बहुतेक सस्तन प्राणी आपले क जीवनसत्त्व स्वतःच तयार करतात. माणूस, गिनी पिग आणि अशाच काही थोड्या प्राण्यांची ती क्षमता उत्क्रांतीच्या ओघात गेली. त्याच्या अभावी होणारा स्कर्व्ही हा रोगही इलेक्ट्रॉन देण्याच्या याच गुणाशी निगडित आहे. त्वचा, हिरड्या आणि रक्तवाहिन्या यांना बळकटी देणारे कोलॅजन घडवणाऱ्या विकरांमध्ये लोह असते, आणि त्या लोहाला कार्यक्षम अवस्थेत ठेवण्यासाठी क जीवनसत्त्व लागते. ते मिळाले नाही की हिरड्यांतून रक्त येते आणि जखमा भरत नाहीत.

बीटा कॅरोटीन हे नारिंगी रंगद्रव्य वनस्पतींमध्ये प्रखर प्रकाशापासून संरक्षण करते आणि आपल्या शरीरात त्यापासून अ जीवनसत्त्व बनते. त्याने फुप्फुसांचा कर्करोग टळेल या अपेक्षेने फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९,१३३ पुरुषांवर मोठी चाचणी झाली. १९९४ मध्ये निष्कर्ष आले, तेव्हा रोज २० मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांमध्ये हा कर्करोग कमी होण्याऐवजी सुमारे १८ टक्क्यांनी अधिक आढळला. पुढे अमेरिकेतील अशीच एक चाचणी याच कारणाने मुदतीपूर्वी थांबवावी लागली. याउलट, वयोमानानुसार दृष्टिपटलाची झीज झालेल्या काही रुग्णांमध्ये क, ई, बीटा कॅरोटीन आणि जस्त यांच्या ठरावीक मात्रेने झीज वाढण्याचा धोका कमी झाल्याचे २००१ मध्ये दिसून आले. मात्र धूम्रपान करणाऱ्यांना बीटा कॅरोटीनपासून असलेला धोका लक्षात घेऊन नंतरच्या मिश्रणात त्याऐवजी ल्युटीन आणि झियाझँथिन ही वनस्पतींतील रंगद्रव्ये वापरण्यात आली. म्हणजे कोणते जीवनसत्त्व, किती आणि कोणासाठी, हे प्रश्न वेगवेगळे विचारावे लागतात.

प्रौढांसाठी क जीवनसत्त्वाच्या निरनिराळ्या देशांतील शिफारशी साधारणपणे रोज ४० ते ११० मिलिग्रॅमच्या दरम्यान आहेत. रोजच्या आहारात फळे आणि भाज्या असतील तर एवढी मात्रा सहज मिळते. एकदम एक ग्रॅमहून अधिक घेतल्यास निम्म्याहून कमी शोषले जाते आणि शोषलेले जास्तीचे क बहुतांशी लघवीवाटे बाहेर पडते. ते उष्णतेने आणि पाण्याने कमी होत असल्यामुळे भाजी बेताच्या पाण्यात, थोडाच वेळ शिजवावी. ई जीवनसत्त्व वनस्पतिजन्य तेलांत, तेलबियांत आणि कवचाच्या फळांत असते. त्याच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्यांमुळे रक्त गोठण्यात अडथळा येऊ शकतो. म्हणून रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी, तसेच ज्यांची शस्त्रक्रिया ठरली आहे अशांनी, या गोळ्या घेत असल्याचे डॉक्टरांना आधीच सांगावे.

नमस्कार.