आवाज कागदावर कसा उतरवतात?

'जग' म्हणा, दुनिया या अर्थानं. आता कोणाला तरी आशीर्वाद देताय असं समजून 'शंभर वर्षं जग' म्हणा. अक्षरं तीच, कान्या-मात्रेचाही फरक नाही, पण जिभेनं जागा बदलली बघा, पहिल्या वेळी ती टाळूकडं गेली आणि दुसऱ्या वेळी टोक थेट दातांमागं टेकलं. मराठी बोलणाऱ्याला हे कोणी शिकवत नाही, आपोआप येतं, पण बाहेरून मराठी शिकायला आलेल्या माणसानं नुसतं 'ज' बघून काय समजायचं?

अनुस्वाराचंही तसंच. अंक, अंत, अंबर. हळूहळू म्हणून बघा. टिंब एकच, पण अंकमधे आवाज घशाजवळ बनतो, अंतमधे दातांपाशी, आणि अंबर म्हणताना तर ओठच मिटतात.

हा घोळ जगातल्या सगळ्याच लिप्यांत कमीजास्त आहे, इंग्रजीत तर विचारूच नका. म्हणून 1886 साली पॅरिसमधे पॉल पासी आणि भाषा शिकवणारे काही शिक्षक एकत्र आले, संघटना काढली, आणि 1888 मधे चिन्हांचा पहिला तक्ता छापला. आवाज लिहायची हीच चिन्हं म्हणजे आयपीए, इंटरनॅशनल फोनेटिक अल्फाबेट. अर्थ बदलणाऱ्या प्रत्येक आवाजाला स्वतःचं एक चिन्ह, हे त्यांचं मुख्य तत्त्व.

आता इतकी चिन्हं आणायची कुठून? तेव्हा छपाई शिशाच्या खिळ्यांनी व्हायची, नवीन खिळा ओतायचा म्हणजे खर्च, मग असलेलाच खिळा उलटा लावायचा. आपला साधा 'अ' आहे ना, त्याच्या जवळचा आवाज दाखवायला आयपीएत रोमन ई उलटा फिरवून ठेवलाय. मला ही युक्ती फार आवडते.

आणि शेपट्या! आयपीएतले हे तीन एन नीट बघा: ɳ, ŋ, ɲ. उजव्या पायाची शेपटी बाहेर उजवीकडं वळली तर तो ण. तीच शेपटी आत डावीकडं वळली की ङ, अंकमधला. डाव्या पायाला असेल तर ञ. घाईत वाचलं तर तिन्ही सारखेच दिसतात, पण एकदा खूण कळली की मजा येते, कारण ट, ड, ण, ळ असे जीभ मागं वळवून काढायचे जेवढे आवाज तेवढ्या सगळ्यांना खाली उजवीकडं तीच शेपटी आहे.

तक्त्याची रचना आपल्याला परकी वाटायचं कारण नाही. आपली वर्णमाला 'क'पासून सुरू होऊन 'प'पर्यंत येते, म्हणजे घशाकडून ओठांकडं. आयपीएचा तक्ता डावीकडून वाचला तर ओठांपासून सुरू होऊन घशात संपतो. वाट तीच, दिशा उलटी. तोंडातली जागा बघून आवाज लावायचे हे आपल्याकडच्या व्याकरणकारांनी फार आधी केलं होतं आणि त्यांचं काम वाचून एकोणिसाव्या शतकातले युरोपातले अभ्यासकही बरंच शिकले.

तक्ता अजून बंद झालेला नाही. 2005 मधे त्यात एक नवीन व्यंजन आलं, खालचा ओठ वरच्या दातांना झटकन आपटून काढायचं, मध्य आफ्रिकेतल्या काही भाषांत ते सर्रास बोललं जातं. तक्त्यात काही चौकटी राखाडी आहेत, ते आवाज माणसाच्या तोंडातून निघूच शकत नाहीत असं मानतात. पण काही चौकटी नुसत्या कोऱ्या आहेत. तिथले आवाज काढता येतात, चिन्ह तेवढं अजून दिलेलं नाही.